अकरावा मणी

भाचीला विचारून, तिचं नाव न घालता लिहितेय. पोस्ट लांब आहे, पण वयात आलेली मुलं ज्यांच्या घरात आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

फेब्रुवारीत निफाडहून पाहुण्यांनी द्राक्षांची पेटी पाठवली. आमच्याकडे द्राक्षं मोजून कोणी खात नाही, ताट मध्ये ठेवायचं आणि गप्पा मारता मारता घड संपवायचे. भाची मात्र ओट्यापाशी उभी राहून छोट्या डिजिटल काट्यावर एकेक मणी ठेवत होती. अकरावा मणी ठेवला, आकडा पुढे सरकला, तसा तिने तो उचलून बाजूला ठेवला. काटा शून्यावर आणला आणि सगळं परत मोजलं. माझी आई म्हणाली, "अगं, घे की अजून दोन." पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आजी, साखर असते गं त्यात."

सुरुवात वर्षभर आधीची. चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात म्हणून साखर सोडली. मग मैदा, मग दूध, मग गहू, मग तेल. आणि आम्ही? कौतुक करत होतो! तिच्या डब्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकून "शिका जरा हिच्याकडून" असं मीच लिहिलं होतं. ते वाक्य आजही मला झोपू देत नाही. रविवारी सगळे मखमलाबादकडे मिसळ खायला गेलो, तर ही गाडीतच बसून उकडलेले मूग खात होती, तेव्हाही आम्ही "काय निग्रह आहे!" म्हणालो.

मार्चच्या उन्हात तिच्या अंगात स्वेटर. न्हाणीच्या जाळीवर केसांचे पुंजके. चार महिने पाळी आली नव्हती, हे तिने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, अंगाला पुरेसं अन्न मिळेना की शरीर आधी पाळीच थांबवतं. हिला 'क्लीन' खाण्याचा तक्ता देणाऱ्या जिममधल्या ट्रेनरने फक्त वजन विचारलं होतं.

याला नाव आहे, ऑर्थोरेक्सिया. स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरने १९९७ साली हा शब्द वापरला. ग्रीकमध्ये 'ऑर्थोस' म्हणजे योग्य आणि 'ओरेक्सिस' म्हणजे भूक. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या यादीत तो वेगळा आजार म्हणून नाही. पण यादीत नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही, तो मी घरात पाहिलाय. बारीक दिसायची हौस यात असेलच असं नाही. अशुद्ध, चुकीचं काही पोटात गेलं तर, याची धास्ती असते. म्हणून तर ते आजारपण वाटत नाही, शहाणपण वाटतं.

सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर चालायला गेलं की याच गप्पा कानावर येतात, कोणी काय सोडलं. माझा चांगल्या खाण्याला विरोध नाही. पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, आमच्या घरी वर्षानुवर्षं येते. मधुमेह असलेल्याला पथ्य पाळावंच लागतं, माझे वडील पाळतात. पण ते लग्नाला जातात, चालेल तेवढं पानात घेतात, चार माणसांत हसून बोलून घरी येतात. ही पोर लग्नाला यायचीच बंद झाली होती. म्हणून सांगते, ताटात काय आहे ते बघत बसू नका. ठरलेलं सोडून दुसरं काही पुढ्यात आलं की मुलाचा चेहरा कसा होतो, ते बघा. आणि "किती बारीक झालीस गं, छान!" हे वाक्य कृपा करून सोडा.

आता समुपदेशन आणि आहारतज्ज्ञ दोन्ही चालू आहे. काही आठवडे बरे जातात, काही नाही. काटा तिने स्वतःहून आईच्या हातात दिला.

गेल्या रविवारी ती मिसळीला आली. तर्री वेगळ्या वाटीत मागवली, अर्धा पाव तोडला, बराच वेळ हातात धरून बसली. तिच्या खाण्यावर काही बोलायचं नाही, चांगलंही नाही, असं आम्हाला बजावलेलं आहे. भाऊजी मान वळवून बाहेर रस्त्याकडे बघत राहिले. मी दह्याची वाटी तिच्याकडे सरकवली आणि परीक्षा कधी आहे ते विचारलं.