वैर पाण्याशी

मोलॅरिटी म्हणजे लिटरभर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे किती मोल. तिच्या गणितात अडकलेला माणूस आधी मोलला शिव्या घालतो. मोलचा यात काही दोष नाही. एक मोल म्हणजे 6.022 × 10²³ कणांचा गठ्ठा. हा आकडा दिसायला अक्राळविक्राळ, पण गणितात तो कधी आडवा येत नाही. ग्रॅममधल्या वजनाला रेणुभारानं (एका मोलच्या ग्रॅममधल्या वजनाच्या आकड्यानं) भागलं की मोल निमूट हजर. माझं वैर आहे ते पाण्याशी.

‘0.1 मोलर ऑक्झॅलिक ॲसिड, 250 मिली तयार करा.’ सोपं वाटतं. पाव लिटरला 0.025 मोल, गुणिले रेणुभार 90, म्हणजे 2.25 ग्रॅम. मग बाटलीवर बारीक अक्षरांत ‘डायहायड्रेट’ दिसतं. ॲसिडच्या प्रत्येक रेणूनं पाण्याचे दोन रेणू पोटभाडेकरू ठेवलेले! रेणुभार 126, वजन 3.15 ग्रॅम. तराजूवर पांढरीशुभ्र, ठणठणीत कोरडी पूड आणि तिच्यात दोन सप्तमांश पाणी. भरवसा ठेवायचा तरी कुणावर?

सोडियम हायड्रॉक्साईडची, म्हणजे कॉस्टिक सोड्याची, तऱ्हा उलटी. त्या गोळ्या हवेतलं पाणी ओढून घेतात. वॉच ग्लासवर, म्हणजे काचेच्या बशीवर, ठेवायचा अवकाश, लागल्या चकाकायला. तराजूचा आकडा आपला हळूहळू वरच चढतोय. 4 ग्रॅम मोजले म्हणेपर्यंत त्यात सोडा किती आणि दमट हवा किती, देव जाणे. म्हणून सोड्याच्या द्रावणाची खरी मोलॅरिटी टायट्रेशन करून, म्हणजे माहितीतल्या द्रावणाशी थेंब थेंब जुळवून, काढायची, आणि साक्षीला कोण? तेच ऑक्झॅलिक ॲसिड, भाडेकरूंसकट.

बरं, एवढं करून एक लिटर पाणी ओतावं तर तेही चालत नाही. लिटर पाण्याचा नसतो, द्रावणाचा असतो. म्हणजे पाणी नेमकं किती घालायचं हे कुणीच सांगत नाही. फक्त ‘रेघेपर्यंत’ म्हणतात. फ्लास्कच्या चिंचोळ्या मानेवरची ती रेघ डोळ्यांच्या पातळीत आणून, श्वास रोखून, थेंब थेंब सोडायचा. रेघेच्या वर गेलं की पुन्हा वजनापासून सुरुवात. जास्तीचं पाणी पिपेटनं (द्रव ओढून घेणाऱ्या काचेच्या नळीनं) काढून घ्यावं हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. पण त्या पाण्याबरोबर ॲसिडही निघून येतं.

आणि तोंडी परीक्षेत हमखास एक प्रश्न.

“पाण्याची मोलॅरिटी किती?”

“कशात विरघळवलेल्या, सर?”

“कशातच नाही. नुसत्या पाण्याची.”

लिटरभर पाणी साधारण 1000 ग्रॅम, त्याला 18 नं भागा. येतात 55.5 मोलर! आमच्या 0.1 साठी आम्ही श्वास रोखून थेंब मोजत होतो, आणि हे महाशय त्याच फ्लास्कमध्ये 55 च्या घरात बसून होते. त्यांचा हिशेब कुणी मागितलाच नाही.