पाच महिन्यांत खेळलेला भाचा आणि माझे नऊ महिने

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी चिडले, मग माझाच जुना लेख उघडून बसले आणि एका मुद्द्यावर कान पकडले. बाकीच्या मुद्द्यांवर भांडणार आहे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचं म्हणणं असं, की गुडघ्याच्या ऑपरेशनवरचा माझा लेख लोकांना घाबरवतो. बॅडमिंटनसाठी नऊ महिने थांबणं म्हणजे अतीच, तुमचा भाचा पाचव्या महिन्यात फुटबॉल खेळला. फिजिओ म्हणजे पैसे घालवायचे धंदे, व्यायाम घरीही होतात. मनातल्या भीतीबद्दल लिहिलं ते नाटक. एवढं पाल्हाळ लावून जिना कसा चढायचा याबद्दल एक अक्षर नाही. आणि माझं वाचून तुम्ही तिसऱ्या आठवड्यात कुबड्या सोडल्यात आणि सर्जनची बोलणी खाल्लीत.

शेवटच्यापासून सुरू करते, कारण तिथे चूक माझी आहे.

माझं ऑपरेशन एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचं (अस्थिबंधाचं). तुटलेल्या लिगामेंटच्या जागी मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंगचा कंडरा घेऊन ग्राफ्ट बसवला. मेनिस्कसला, म्हणजे सांध्यातल्या गादीला, काही करावं लागलं नाही. अशा गुडघ्यावर बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच सोसेल तेवढं वजन टाकायला सांगतात. मी दोन आठवड्यांनी कुबड्या ठेवल्या त्या सर्जनने पाय तपासून ‘ठेवा’ म्हटलं म्हणून. लेखात मात्र मी नुसतं ‘गुडघ्याचं ऑपरेशन’ असं मोघम लिहून गेले, जणू ते एकच असतं.

तुमची तर गादी शिवलेली. हे प्रकरण निराळं. मेनिस्कसच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळपास नसतो. म्हणून फाटलेला तुकडा कडेकडचा असेल तर सर्जन तो कापून न टाकता टाके घालून वाचवायचा प्रयत्न करतात. ते टाके धरेपर्यंत, साधारण चार ते सहा आठवडे, पायावर किती वजन टाकायचं आणि गुडघा किती वाकवायचा यावर बंधनं असतात, वाकवायची मर्यादा पुष्कळदा 90 अंशांची. वजन टाकून खोल वाकलं की गादीच्या मागच्या भागावर ताण येतो आणि टाके नेमके तिथेच असू शकतात. याउलट गादीचा फाटका तुकडा नुसता छाटला असेल तर माणूस त्याच आठवड्यात चालायला लागतो, काही आठवड्यांत पळायलाही. भोकं तीच, दुर्बीण तीच, बाहेरून टाकेही सारखेच. शेजारच्या खाटेवरचा माणूस चालतोय म्हणून आपण चालावं असं वाटतंच. तुम्ही माझ्या शब्दांवर चाललात. माफ करा. लेखाच्या अगदी वर आता ऑपरेशन कोणतं होतं ते ठळक लिहिलं आहे.

पण गंमत बघा. एका परिच्छेदात तुम्ही म्हणता मी फार सावकाश, दुसऱ्यात म्हणता माझ्यामुळे तुमची घाई झाली. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच: दुसऱ्याच्या गुडघ्याचं कॅलेंडर आपल्या भिंतीवर टांगणं. तुम्ही माझं टांगलंत. आता भाच्याचं मला टांगायला सांगताय.

भाचा पाचव्या महिन्यात खेळला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पाचव्या महिन्यात मलाही खेळता आलं असतं. दुखत नव्हतं, सूज नव्हती, जिने धडाधड उतरत होते. अडचण अशी, की ग्राफ्टला दुखणं कळत नाही. बसवलेला कंडरा म्हणजे सुरुवातीला रक्तपुरवठा तुटलेला एक दोर असतो. शरीर त्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या घालतं, जुने तंतू मोडून नवे विणतं. या उलथापालथीत तो आधी कमकुवत होतो, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात सगळ्यात जास्त, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला ‘आता बरं वाटतंय’ असं वाटू लागतं. तिथून तो लिगामेंटसारखा व्हायला कित्येक महिने जातात. सरळ चालताना एसीएलला फारसं काम नसतं. काम पडतं ते धावता धावता वळताना, उडीवरून एका पायावर उतरताना, अचानक थांबताना. म्हणजे फुटबॉल आणि बॅडमिंटन.

नऊ महिने हा आकडा मी मनाने काढलेला नाही. 2016 साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये 106 जणांचा अभ्यास आला. वळणं-उड्यांच्या खेळांत परतणं जितकं लांबवलं, तितकी नऊ महिन्यांपर्यंत दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याची शक्यता जवळपास निम्मी होत गेली. त्याहून मला पटलेली गोष्ट दुसरी. मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या यांत दुसऱ्या पायाच्या तुलनेत किमान 90 टक्के गाठून जे खेळात परतले, त्यांच्यातल्या 5.6 टक्क्यांना पुन्हा इजा झाली. न गाठता परतलेल्यांत 38.2 टक्क्यांना. अभ्यास छोटा आहे, हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. तरी अडतीस हा आकडा माझी झोप उडवायला पुरला. भाचा विशीतला असेल तर त्याने जास्तच जपावं. एसीएलनंतर खेळात परतलेल्या पंचविशीच्या आतल्या खेळाडूंत जवळपास चौघांतल्या एकाचं एसीएल पुन्हा तुटतं, कधी तोच पाय, कधी दुसरा धडधाकट. ग्राफ्ट तुटत नाही तोवर पाच महिन्यांवाले सगळे बरोबरच असतात.

(तो खेळतोय आणि मजेत आहे तर माझ्या तोंडात साखर पडो. मी त्याच्या वाइटावर नाही.)

आता फिजिओ. व्यायाम घरी होतात हे शंभर टक्के खरं, माझेही नव्वद टक्के घरीच झाले. व्यायामाला मी कमी लेखत नाही. स्वीडनमधल्या एका चाचणीत एसीएल तुटलेल्या 121 तरुण, खेळत्या माणसांचे दोन गट केले. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला आधी नुसता पद्धतशीर व्यायाम आणि गरज वाटलीच तर नंतर ऑपरेशन. पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलं नव्हतं. तेव्हा व्यायाम हाच उपचार, ऑपरेशन झालं तरी आणि नाही झालं तरी.

पण घरी मी स्वतःला फसवत होते आणि मला ते कळत नव्हतं. स्क्वॉट करताना दोन्ही पायांवर सारखं वजन आहे असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं. फिजिओने पायांखाली दोन वजनकाटे ठेवले. ऑपरेशनच्या पायावरचा काटा दुसऱ्याच्या निम्म्याच्या जरा वर. शरीर इतकं चलाख असतं, की जखमी पायाला कामातून सूट देतं आणि मालकाला पत्ता लागू देत नाही. चौथ्या महिन्यात माझी मांडी टेपने मोजली तर दोन सेंटिमीटर कमी भरली. महिनाभर व्यायाम ‘न चुकता’ करूनसुद्धा.

सूज हा त्यातला लपलेला चोर. निरोगी माणसांच्या गुडघ्यात नुसतं 20 ते 30 मिलिलिटर निर्जंतुक खारं पाणी भरलं, तरी मांडीच्या पुढच्या स्नायूचा आतला भाग नीट आवळेनासा होतो, असं प्रयोगात दिसलं आहे. चहाचे चार-सहा चमचे पाणी! दुखत नाही म्हणून सुजलेल्या गुडघ्यावर व्यायाम रेटण्यात म्हणूनच अर्थ नसतो, स्नायूला वरून हुकूमच पोचत नाही. आदल्या दिवशीच्या व्यायामाने सकाळी वाटीभोवती फुगवटा आला तर त्या दिवशी मात्रा कमी. हे मला कुणीतरी तिथे बोट दाबून दाखवलं तेव्हा कळलं. तुम्हाला ते स्वतः करता येत असेल तर फिजिओकडे महिन्यातून एकदा जा, फक्त मोजून घ्यायला. वाचलेले पैसे तुमचे.

आणि नाटक. एसीएलनंतर 81 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परत येतात, पण आधीच्या पातळीवर 65 टक्केच, असं 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात आहे. मधले सगळे गुडघ्यामुळे अडलेले नसतात. माझ्या उडीच्या चाचणीच्या दिवशी जमिनीवर पट्टी चिकटवली होती. चांगल्या पायाने मी सहज उडी मारली. मग ऑपरेशनच्या पायावर उभी राहिले आणि उडी निघेचना. दुखत नव्हतं, ताकद यंत्रावर मोजून झाली होती. किती वेळ उभी होते कोण जाणे, फिजिओ मोबाइल बघण्याचं सोंग करत होती. शेवटी मारली ती इतकी आखूड, की मलाच हसू आलं. तीन आठवडे रोज तेवढंच केलं: आधी पायरीवरून दोन पायांवर उतरणं, मग एका पायावर, मग जागच्या जागी उडी, मग पट्टी. भीतीलाही स्नायूसारखंच थोडं थोडं वजन वाढवत न्यावं लागलं. याला नाटक म्हणायचं तर म्हणा, तालीम मात्र रोज केली.

तुम्ही लिहिलंय की पोटरीही अधूनमधून दुखते आणि ‘सहन करतो’. हे सहन करू नका. पोटरी दुखून सुजली, गरम लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर तासभरही थांबू नका. तापाबरोबर गुडघा लाल, गरम झाला तरीही तसंच.

राहिला जिना. तो लिहायचा खरंच राहून गेला. पायावर किती वजन चालेल ते आधी सर्जनला विचारा. चढताना आधी चांगला पाय वरच्या पायरीवर, मग ऑपरेशनचा पाय आणि कुबडी. उतरताना उलट: आधी कुबडी आणि ऑपरेशनचा पाय खाली, मग चांगला पाय. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जुळवायचे, एक हात कठड्यावर. पहिले काही दिवस सोबत कुणीतरी असू द्या आणि ते नेहमी तुमच्या खालच्या पायरीवर: चढताना मागे, उतरताना पुढे.