आधी कळवा, फोटो मागून टाका

वाद पेटला तो एका फोटोवरून. केज-अंबाजोगाई रस्त्यावर आमच्या फाट्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. संध्याकाळी दुकानापुढच्या ओट्यावर चारचौघं टेकतात. गाव लहान आहे म्हणून नावं लिहीत नाही. अप्पा, गुरुजी, अंगणवाडीच्या ताई आणि एमपीएससीचा अभ्यास करणारा आमच्या गल्लीतला पोरगा, एवढ्यावर ओळख पुरे.

शाळेच्या ग्रुपवर फोटो आले होते. सातवी-आठवीची लेकरं ओढ्यात उतरून वनराई बंधारा घालत होती. सिमेंटची रिकामी पोती, त्यात वाळू आणि माती, तोंडं शिवून एकावर एक थर. एका फोटोत अप्पांची नात गुडघाभर पाण्यात उभी, दातात सुतळी धरून पोत्याचं तोंड आवळत होती. पोरानं मोठ्या कौतुकानं मोबाईल अप्पांपुढं धरला.

"ही कवा गेल्ती ओढ्याला?" अप्पांनी विचारलं.

"काल. शाळेनंच नेलं होतं की."

अप्पा बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काल भिजलेल्या ड्रेसवर घरी आली. मी बोललो तिला. शाळा सोडून कुठं डुंबायला गेल्तीस म्हून. ती सांगायली होती कायतरी, मी ऐकूनच घेतलं न्हाई. जेवलीसुद्धा न्हाई रात्री."

तेवढ्यात गुरुजी गाडी लावून ओट्यावर आले आणि अप्पांनी सगळा राग त्यांच्यावर काढला. गुरुजी म्हणाले, "अप्पा, आदल्या रात्रीच ग्रुपवर टाकलं होतं. जादा कपडे आणा, पाण्याची बाटली आणा, सगळं लिहिलं होतं."

"कुणाच्या नंबरावर?"

नंबर अप्पांच्या मुलाचा. मुलगा आणि सून दिवाळी झाल्यावर टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेलेले. अप्पांकडे बटणाचा फोन, त्यात फक्त फोन येतो आणि जातो. निरोप गेला तो उसाच्या फडावरच्या एका बंद पडलेल्या मोबाईलवर, आणि ज्यानं लेकरू रात्री दारात घ्यायचं त्याला पत्ता नाही.

आमच्याकडे ही एका घराची गोष्ट नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, आणि परत यायला उन्हाळा लागतो. लेकरं मागं राहतात ती आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. सोबत गेलेल्यांना शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. एवढी सगळी सोय कागदावर आहे, पण शाळेच्या रजिस्टरात नंबर अजून बापाचाच. लेकरू सहा महिने ज्याच्या ताटात जेवतं त्याचा नंबर कुणी विचारत नाही. माझं म्हणणं पहिल्यापासून हेच आहे, आणि त्या दिवशीही मी तेच बोललो: निरोप पाठवायचा तो घरी असलेल्या माणसाला, आणि तोही काम व्हायच्या आधी.

पोरगा लगेच कायद्यावर आला. त्याचं सगळं पाठ असतं. "२००९ चा शिक्षण हक्क कायदा, कलम २४. शिक्षकाच्या कामातच लिहिलंय, पालकांच्या नियमित भेटी घ्यायच्या आणि लेकराची हजेरी, शिकण्याची कुवत, प्रगती त्यांना सांगायची. आणि कलम २१ प्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत. मग ह्या बंधाऱ्याचं समितीत बोलणं झालं होतं का?"

गुरुजी चिडले, आणि त्यांचं चिडणं मला पटलं. "समितीची सभा लावतो रे, येतं कोण? रजिस्टर घेऊन मीच दारोदार सह्या मागत फिरतो. वर्ग शिकवायचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची, आणि प्रत्येक उपक्रमाचे फोटो वर पाठवायचे. उपक्रम झाला की तासाभरात फोटो मागतात. घरी निरोप दिला का, हे आजपर्यंत मला एकाही साहेबानं विचारलेलं नाही."

हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. आपल्या शाळांमधली सगळी माहिती वरच्या दिशेनं वाहते. झाड लावलं, फोटो वर. प्रभातफेरी काढली, फोटो वर. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं, फोटो वर. तोच फोटो घाईघाईत पालकांच्या ग्रुपवर टाकला की घरी कळवलं असं धरून चालतात. त्यात उद्या काय आहे, लेकराला काय लागेल, घरच्यांनी काय करायचं, यातलं काहीच नसतं.

"सभा किती वाजता लावता, गुरुजी?" अप्पांनी विचारलं.

"अकराला."

"अकराला कोण घरी असतंय? कापूस येचायला गेल्याल्या बाईनं रोजगार बुडवून यायचं का तुमच्याकडं?"

यावर गुरुजी काही बोलले नाहीत. संध्याकाळी सात वाजता मारुतीच्या पारावर सभा लावली तर माणसं येतील, असं मी म्हणालो. शाळा बंद झाल्यावर शिक्षकांनी गावात थांबायचं का, हा त्यांचा प्रश्नही रास्त आहे. बरेचसे शिक्षक केज-अंबाजोगाईहून ये-जा करतात. पण महिन्यातून एक संध्याकाळ एवढी जड नाही, असं मला वाटतं.

मग मी माझ्या दुकानातलं सांगितलं. गेल्या वर्षी एक बाई आठवीतल्या पोराला घेऊन आली. हातात मोबाईल, त्यात नोटिशीचा आडवा काढलेला, निम्मा सावलीत गेलेला फोटो. एनएमएमएस, म्हणजे आठवीतल्या लेकरांच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचं होतं. तिला उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. मी फोटो मोठा करून तारीख वाचली, तर मुदत उलटून गेलेली. नोटीस ग्रुपवर होती, पण वाढदिवसाच्या केकांच्या आणि शुभ सकाळच्या खाली गाडली गेली होती. वर निरोप काय, तर दोन दिवसांत दाखला जमा करा. तहसीलचा दाखला दोन दिवसांत कुणाला मिळतो? या परीक्षेत पोरगं निवडलं गेलं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,०००. साडेतीन लाखांच्या आतलं उत्पन्न आणि सातवीला ५५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के, एवढ्याच मुख्य अटी. पोरगं हुशार होतं, मार्कलिस्ट मी बघितली. त्या बाईनं मला विचारलं, "दादा, आता काहीच होत न्हाई का?" मी काय सांगणार? शाळा कोणती ते लिहीत नाही, कारण असं कोणत्याही शाळेत होऊ शकतं आणि होतं. अशा वेळी नोटीस फिरवून भागत नाही. जून-जुलैतच सांगायला पाहिजे की आठवीत लेकरू आहे, दाखला आत्ताच काढून ठेवा. नवोदयच्या आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षांच्या तारखांचंही तसंच.

गुरुजींनी हे मुकाट्यानं ऐकलं आणि खिशातल्या डायरीत काहीतरी टिपलं.

बंधाऱ्याकडे वाद परत वळवला तो अप्पांनी. "पर मला सांगा, लेकराला शाळेत शिकायला धाडतो का वाळू उपसायला?"

इथं मात्र माझं आणि गुरुजींचं एकमत झालं. ज्या मराठवाड्यानं २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं बघितलं, तिथल्या लेकरानं ओढ्याचं पाणी स्वतःच्या हातानं अडवायला शिकणं हे शिक्षणच आहे. पावसाळा संपल्यावर ओढ्याला थोडी धार असते तेव्हाच पोती लावायची असतात. धार आटल्यावर अडवायला काही उरत नाही. ते पाणी आसपासच्या विहिरींना आणि गुराढोरांना काही आठवडे तरी साथ देतं. पोत्याला पोतं चिकटून बसलं नाही तर पाणी कुठून निसटतं, हे ती लेकरं आता पुस्तकाशिवाय सांगतील.

पण पोरानं धरलेला मुद्दा मला जास्त पटला. तो कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत होता. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. तो म्हणाला, "आम्ही वीस-वीस वर्षांचे घोडे, तरी शिबिराला जायच्या आधी आमच्याकडून पालकांच्या सहीचं हमीपत्र घेतलं. कुठं जाणार, कोण सर सोबत, मुक्काम कुठं, सगळं त्यात होतं. माझ्या बापानं ते वाचून पाटोद्याच्या मावशीला फोन केला, पोरगं तुमच्या बाजूला यायलंय म्हून. आणि इथं बारा वर्षांचं लेकरू पाण्यात उतरवलं, तर घरी एक चिठ्ठीसुद्धा न्हाई?"

"चिठ्ठी दिली असती तर निम्म्या घरांनी नको म्हटलं असतं," गुरुजी म्हणाले.

"म्हणू द्या की," ताई एकदम बोलल्या. तोवर त्या गप्प होत्या. "गुरुजी, नको म्हणायचा हक्क ज्याला न्हाई, त्यानं हो म्हटलं त्याला काय अर्थ? न विचारता करून घेतलं की लोक म्हणतात, शाळेनं लेकराला राबवलं. विचारून केलं की तेच लोक सांगतात, माझ्या लेकरानं बंधारा घातला. काम तेच असतंय."

मला वाटतं त्या संध्याकाळचं सगळ्यात नेमकं बोलणं हेच होतं. स्वयंसेवा आणि फुकटची राबणूक यांच्यामधला फरक लेकराच्या हातातल्या फावड्यावरून कळत नाही. घरी आधी विचारलं होतं का, यावरूनच तो कळतो. अप्पांच्या नातीनं गावासाठी काम केलं आणि बदल्यात तिला बोलणी मिळाली. ज्या दिवशी आजोबांनी तिची पाठ थोपटायची, त्या दिवशी ती उपाशी झोपली.

फोटोचंही पोरानं काढलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या लेकरांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलेली आहे. मग मुलींचे ओल्या कपड्यांतले फोटो दीडशे माणसांच्या ग्रुपवर कशाला? गुरुजी म्हणाले, "हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. ते काढतो." त्यांनी तिथंच बसून तीन-चार फोटो सगळ्यांसाठी डिलीट केले.

ताईंनी मग फडावरची गोष्ट सांगितली. त्यांच्या वस्तीतली एक बाई सांगलीकडं तोडीला आहे आणि तिची पोरगी आजीकडं, दुसरीत. ताई आठवड्यातून एकदा त्या पोरीला धडा वाचायला लावतात आणि तो आवाज रेकॉर्ड करून मुकादमाच्या फोनवर पाठवतात, कारण टोळीत कायम चार्ज असलेला फोन त्याचाच. गाडी भरून झाल्यावर रात्री ती बाई मुकादमाच्या कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी जाऊन ऐकते. एकदा तिनं उलटा निरोप पाठवला: पोरगी 'ळ' ला 'ल' म्हणायली, तेवढं नीट करून घ्या. स्वतः ती चौथीत शाळा सुटलेली. शेकडो किलोमीटरवरून तिनं लेकराची चूक धरली!

गुरुजी म्हणाले, "ताई, हे माझ्या वर्गात करता येईल."

"येईल की. पण आधी कुठलं लेकरू कुणापाशी हाय, ते लिहून काढा."

मी दुकानातून कोरे कागद आणि पेन आणलं. गुरुजी वर्गातली नावं एकेक करून सांगत गेले, ताई तोंडपाठ उत्तर देत गेल्या. हा आजीपाशी, तिच्याकडं फोन न्हाई, शेजारणीचा नंबर घ्या. ही वसतिगृहात. ह्याचा बाप पुण्याला, आई घरी, आईच्याच नंबरावर फोन करा, बाप उचलत न्हाई. रकाना नवा पाडला: 'सध्या घरी कोण.' ज्या पाच घरांत फोनच नाही, तिथं निरोप कोण नेणार, यावर पुन्हा थोडी घासाघीस झाली. तीन घरं ताईंच्या रोजच्या वाटेवरची निघाली. उरलेली दोन तांड्याच्या बाजूची; ती पोरानं घेतली. चिठ्ठीचा नमुना मी टाईप करून देतो म्हणालो, मोठ्या अक्षरात, कुठं-कधी-कोण सोबत-काय आणायचं आणि खाली सहीला नाहीतर अंगठ्याला जागा. लेकरानं तो घरी मोठ्यानं वाचून दाखवायचा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांचंही अडणार नाही.

"आणि पालकानं नको म्हटलं तर?" गुरुजींनी शेवटी परत विचारलं.

"तर त्या लेकराला त्या दिवशी वर्गात बसवून दुसरं काम द्यायचं, आणि त्यावरून त्याला टोचून बोलायचं न्हाई," ताई म्हणाल्या. गुरुजींनी तेही डायरीत लिहून घेतलं. झेरॉक्सचे पैसे शाळेनं द्यायचे की समितीनं, हे अजून ठरायचं आहे. पहिल्या महिन्याचे मी घेणार नाही.