कुत्रं सरळ करून मिळेल

घरात लॅब्राडॉरचं पिल्लू आलं, दुसऱ्या दिवशी त्यानं सोफ्याचा कोपरा फाडला आणि तिसऱ्या दिवशी बेडरूममध्ये मुतलं, की ट्रेनर बोलवायची वेळ झाली असं समजा. ट्रेनर मिळणं अजिबात अवघड नाही. पैदास करून पिल्लं विकायची तर 2017 च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते, पेट शॉप थाटायचं तर 2018 चे नियम आडवे येतात. कुत्र्याला शिकवायला मात्र कुठलंही लायसन्स लागत नाही. एक ट्रॅकपँट, एक जाड चेन आणि व्हॉट्सॲपच्या डीपीला रॉटवायलरसोबतचा फोटो, झाला ट्रेनर.

निवड कशी करायची? सकाळी सहाला कोल्हापुरात रंकाळ्यावर चक्कर मारा. ज्याच्या हातातलं कुत्रं सगळ्यात गप्प चाललंय तो आपला माणूस. जवळ जाऊन बघितलंत तर त्या कुत्र्याची शेपूट पोटाखाली गेलेली असेल, कान मागं चिकटलेले असतील, समोर खायला काही नसताना ते सारखं नाक चाटत असेल, मधूनच जांभई देत असेल आणि ट्रेनरचा हात वर गेला की त्याच्या डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसत असेल. जाणकार याला ताण म्हणतात. आपण जाणकार नाही, आपण शिस्त म्हणायचं.

ट्रेनर म्हणेल, "मी आर्मीची कुत्री ट्रेन केल्यात." सैन्याची कुत्री मीरतच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात तयार होतात, सीमा सुरक्षा दलाची ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला. तिथं काम केलेल्या माणसाकडं कागद असतो. तो मागू नका, माणूस दुखावतो. कुत्र्यानं बरोबर केलं तर त्याला काय मिळणार, चुकलं तर त्याच्या अंगाला नेमकं काय होणार आणि दहादा सांगूनही त्याला कळलं नाही तर तुम्ही तुमच्या पद्धतीत काय बदलणार, असले आगाऊ प्रश्नही विचारायचे नाहीत. "काळजी करू नगासा, पंधरा दिवसांत सरळ करून देतो, शंभर टक्के गॅरंटी" एवढं कानावर पडलं की ॲडव्हान्स द्या. जिवंत प्राण्याच्या वागण्याची गॅरंटी अभ्यासू माणूस कधी देत नाही, म्हणून तर त्याच्याकडं गिऱ्हाईक कमी. आणि हो, फी रोखीत द्या. यूपीआयनं दिलीत तर पुरावा उरतो.

पिल्लू दोन महिन्यांचं असेल तर "सहा महिन्यांचं झाल्यावर बघू" असं सांगतील. ऐका. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला पुढं नेहमीचं वाटतं. पहिल्या लसीनंतर आठवड्याभरानं त्याला कडेवर घेऊन महाद्वार रोडची गर्दी, एसटी स्टँडचे हॉर्न, हेल्मेटवाले, छत्रीवाले, शाळेतली पोरं दाखवता येतात. भटकी कुत्री फिरतात तिथं खाली सोडलं नाही की पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा धोकाही कमी. यातलं काही करू नका. सहा महिने गच्चीत बांधून ठेवा. मग हेल्मेटवाला दिसला की ते पिसाळल्यासारखं भुंकेल आणि ट्रेनरच्या हाताला काम मिळेल.

मुतण्याचा विषय तर एका मिनिटाचा. डागात नाक घासायचं, बस. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांच्या वर धरवत नाही. झोपेतून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर नेलं, तिथं केल्याकेल्या तोंडात काहीतरी टाकलं, की काम भागतं. पण त्यात काही आठवडे घरच्यांची उठबस होते. त्यापेक्षा संध्याकाळी कामावरून येऊन सकाळच्या डागात नाक दाबा. पिल्लाला एवढंच कळतं की मालक घरी आला की मार बसतो, मग ते सोफ्यामागं लपून मुततं. तुम्ही म्हणायला मोकळे, बेटं मुद्दाम करतंय.

पहिल्याच दिवशी 'अल्फा'चं प्रवचन होईल. कुत्रं म्हणजे लांडगा, घर म्हणजे कळप, तुम्ही म्होरक्या. तेव्हा त्याला उताणं पाडा आणि मानेवर हात दाबून धरा. या प्रवचनाचं मूळ 1947 सालचं. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे बघून ते मांडलं, लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1970 च्या पुस्तकात पुढं नेलं आणि रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघितल्यावर 1999 साली मेक यांनीच ते खोडून काढलं. रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं, सत्तेची मारामारी नव्हे. ज्यानं पसरवलं त्यानंच मागं घेतलं, पण ती बातमी अजून पंचगंगा ओलांडून आलेली नाही. तुम्हीही आणू नका.

आता हिसका. हा नीट बघून ठेवा, पैसे याचेच आहेत. गळ्यात ओढली की आवळणारी चोक चेन, समोरून शेजाऱ्यांचं पोर सायकलवरून येतंय. कुत्र्यानं कान टवकारले की फाडकन हिसका. कुत्रं गप्प. नाद खुळा! कुत्र्याच्या बाजूचा हिशेब एवढाच, की पोर दिसलं आणि गळा आवळला. दहा वेळा असं झालं की पोर दिसताक्षणी त्याचा जीव घाबरा होतो आणि ते गुरगुरतं. गुरगुरलं म्हणून आणखी जोरात हिसका. गुरगुरून ते 'लांब राहा' एवढंच सांगत असतं. सांगितलं की मार पडतो हे कळल्यावर कुत्रं सांगणं सोडतं, चावणं सोडत नाही. मग एक दिवस "काही कारण नसताना अचानक चावलं" म्हणून गल्लीत चर्चा होते. अचानक काही नसतं. आधी अंग ताठ होतं, धापा टाकणारं तोंड मिटतं, मान न वळवता ते कडेनं बघतं, मग गुरगुरतं, मग ओठ वर जातो आणि दात दिसतात. यातला मधला भाग तुम्ही रीतसर फी भरून काढून टाकलात. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायला कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय आहेच.

हिसक्याला दुसरा उपाय नाही असं नाही, पण तो फार कंटाळवाणा आहे. पोर दिसत असतानाही कुत्रं निवांत खातं ते अंतर शोधायचं, समजा 20 मीटर. पोर दिसलं की तुकडा, पोर नजरेआड गेलं की तुकडा बंद, आणि तुकडा पोर दिसल्यावर, आधी नाही. काही दिवस जमलं की दोन मीटर पुढं. कुत्र्यानं तुकडा नाकारला म्हणजे तुम्ही घाई केलीत, परत मागं. उकडलेलं चिकन, मीठ-मसाला नाही, तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, एका वेळी पाच मिनिटं. (तांबड्या रश्श्यातली हाडं टाकणाऱ्यांनी कांदा-लसूण आणि शिजलेल्या हाडाच्या किरच्या हा विषय डॉक्टरांशीच बोलावा.) यात रीळ करण्यासारखं काय आहे? माणूस उभा, कुत्रं खातंय. असल्या गोष्टीला कोण पैसे देणार!

पग पाळला असेल तर चोक चेन आणखी परिणामकारक ठरते. त्याचा श्वास मुळातच अपुरा आणि डोळ्यांच्या खाचा इतक्या उथळ, की गळ्यावरच्या जोराच्या ताणानं डोळा खाचेबाहेर येऊ शकतो. छातीचा हार्नेस वापरला की हे टळतं, पण त्यात रुबाब नाही. कारवान हे देशी शिकारी कुत्रं असेल तर त्यालाही जर्मन शेफर्डचीच कवायत लावा. ही जात अंगाला परका हात लागू देत नाही, एका कडक मारानं माणसापासून कायमची लांब जाते, हे बघायला मजा येते. शॉक कॉलर, म्हणजे गळ्याला विजेचा झटका देणारा पट्टा, त्यावर वेल्समध्ये 2010 पासून बंदी आहे. आपल्याकडं तो ऑनलाइन मागवला की घरपोच येतो, यावरून प्रगत कोण ते ठरवा.

गणपतीत डॉल्बीला घाबरतं म्हणून विचारलंत तर सल्ला मिळेल, "मिरवणुकीच्या कडेला बांधून ठेवा, भीती मोडते." मोडतो तो पट्ट्याचा हूक. दोन महिने आधीपासून मिरवणुकीचा आवाज मोबाईलवर अगदी बारीक लावून जेवण घालायचं आणि कान न हलवता जेवलं तरच आवाज किंचित वाढवायचा, हे काम घरबसल्या फुकटात होतं, म्हणून ते कुठल्याच पॅकेजमध्ये नाही.

पॅकेजचा राजा म्हणजे बोर्डिंग. 45 दिवस कुत्रं ट्रेनरच्या शहराबाहेरच्या शेडमध्ये. सोडताना वजन करू नका, नाहीतर परत आणताना फरक कळेल. केनल कफ या कुत्र्यांच्या साथीच्या खोकल्याची लस विचारू नका. पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी दोनला काय होतं, पाण्याची भांडी किती, रात्री तिथं कोण असतं, हेही नको. न सांगता भेटायला जाऊ नका. "मालक दिसला की ट्रेनिंग बिघडतं" हे उत्तर तयार असतं. रोज तीस सेकंदांचा व्हिडिओ येईल. त्यात मूळ आवाज काढून गाणं टाकलेलं असेल. गाणं छान असतं, ऐका.

घरी आल्यावर कुत्रं कोपरा धरेल. हाक मारलीत तर येईल, पण पोट जमिनीला घासत. डोक्यावर हात फिरवायला गेलात तर डोळे मिटून घेईल. पाहुणे म्हणतील, काय शहाणं झालंय! 1967 साली सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात, टाळता न येणारे शॉक सोसलेली कुत्री नंतर ठेंगण्या आडोशावरून उडी मारून सुटता येत असतानाही पडून राहिली आणि शॉक सोसत राहिली. प्रयत्न करून उपयोग नाही, हे ती शिकली होती. आपल्याकडं याला 'सेट झालंय' म्हणतात. महिन्याभरात जुनं सगळं परत सुरू होईल, कारण 45 दिवसांत तुम्हाला कुणी काही शिकवलेलंच नाही. त्यासाठी रिफ्रेशर कोर्स असतो, त्याची फी वेगळी.

समजा पट्ट्याखालची कातडी सोललीय, कुत्रं लंगडतंय आणि घरातल्या एका हट्टी माणसाला तक्रार करायचीच आहे. त्याला उशीर करायला लावा. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडून जखमांची नोंद, एक्स-रे आणि तारखेसह लेखी दाखला घेतला की प्रकरण उभं राहतं. म्हणून आधी हळद लावा आणि आठवडाभर वाट बघा. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो. मार्चमधला मार जुलैत आठवला की विषय मिटला. कलम 11 चा पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये, मिसळीच्या एका प्लेटीलाही त्याहून जास्त पडतात. चार दशकं भांडून 2025 ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, पण दंड अजून पन्नासावरच अडलाय. कुत्रं मेलं किंवा जायबंदी झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागू शकतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा आकडा पोलीस ठाण्यात उच्चारू नका. जिल्हा ग्राहक आयोगाचं तर नावही काढू नका. तिथं दोन वर्षांपर्यंत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील नसला तरी चालतं. लागतं काय, तर पैसे दिल्याचा पुरावा, चॅट आणि व्हिडिओ. चॅट आजच डिलीट करा. पैसे तर तुम्ही रोखीतच दिलेत.

एवढं करूनही कुत्रं पाहुण्याच्या पोराला चावलंच, तर "जातच खराब" म्हणून त्याला कुणाच्या तरी शेतावर राखणीला देऊन टाका आणि नवीन पिल्लू आणा. ट्रेनरचा नंबर सेव्ह असू दे. दुसऱ्या कुत्र्याला तो दहा टक्के कमी करतो.