मेपेनचा इतिहास मॅराडोनापाशी संपत नाही

एस. व्ही. मेपेन या जर्मन फुटबॉल क्लबचा विषय निघाला की सांगणारा हमखास ऑगस्ट १९८२ पाशी जाऊन थांबतो. बार्सिलोनाने विक्रमी किंमत मोजून घेतलेला दिएगो मॅराडोना नव्या संघाकडून पहिल्यांदा मैदानात उतरला तो बार्सिलोनाच्या घरच्या कॅम्प नोऊ मैदानावर नव्हे, तर हॉलंडच्या सीमेजवळच्या या लहानशा शहरात, तेव्हा तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या मेपेनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात. बार्सिलोनाने तो ५-० असा जिंकला. त्यांचे प्रशिक्षक उडो लाटेक हे जर्मन होते, हे लक्षात घेतले तर या दौऱ्याचे फारसे नवलही वाटत नाही. किस्सा खरा आहे आणि रंजकही आहे, परंतु तो मॅराडोनाच्या चरित्रातला आहे. मेपेन त्यात केवळ सामन्याचे ठिकाण म्हणून येते. एखाद्या घराण्याचा इतिहास विचारावा आणि त्यांच्याकडे एकदा कोण पाहुणे जेवून गेले तेवढेच सांगितले जावे, असा हा प्रकार मला वाटतो.

मेपेन सुमारे ३५ हजार वस्तीचे, एम्स नदीकाठचे शहर आहे. भोवतालचा एम्सलांड हा दलदलीचा प्रदेश दीर्घकाळ जर्मनीतील गरीब भागांत गणला जाई आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या विकासासाठी सरकारला स्वतंत्र योजना आखावी लागली. १९१२ मध्ये येथे क्लब स्थापन झाला तेव्हा त्याचे नाव ‘आमिसिया’ असे होते. एम्स नदीचे हे लॅटिन नाव. १९२४ मध्ये स्टेडियम उभे राहिले. आज ते रुग्णवाहिकांवरचे निळे दिवे बनवणाऱ्या एका स्थानिक कंपनीच्या नावाने ओळखले जाते. पुढची कित्येक दशके क्लब प्रादेशिक पातळीवरच खेळत राहिला आणि त्याबद्दल फार लिहिण्याजोगे काही नाही.

खरा इतिहास सुरू होतो तो १९८७ मध्ये, मेपेन दुसऱ्या बुंडेसलीगात, म्हणजे सर्वोच्च श्रेणी असलेल्या बुंडेसलीगाच्या लगेच खालच्या श्रेणीत, पोहोचले तेव्हा. एवढ्याशा शहराचा संघ एखाद्या हंगामाचा पाहुणा ठरेल, असे कोणालाही वाटले असते. तो तेथे सलग ११ हंगाम टिकला. या काळात शाल्के, हॅनोव्हर आणि बर्लिनचा हर्था यांच्यासारखे मोठ्या शहरांचे नामांकित क्लब बुंडेसलीगातून घसरून याच श्रेणीत आले आणि त्यांना गुणांसाठी मेपेनच्या मैदानावर यावे लागले. मॅराडोना एका मैत्रीपूर्ण सामन्यासाठी आला होता, हे संघ मात्र नाइलाजाने येत होते. माझ्या मते क्लबची खरी कमाई ती हीच.

जून १९९७ मध्ये, हंगामाच्या शेवटच्या दिवशी मेपेन कायझर्सलाउटर्नच्या मैदानावर खेळले. या क्लबची बुंडेसलीगातली बढती आधीच निश्चित झालेली होती, त्यामुळे बचावाची चिंता कोणालाच नसावी. सामना ७-६ असा यजमानांनी जिंकला. तेरा गोल! मेपेनच्या इतिहासातला एकच सामना पाहण्याची संधी मिळाली तर मी १९८२ चा नव्हे, हा निवडेन, कारण त्यातले सहा गोल मेपेनचे स्वतःचे आहेत. पुढच्याच वर्षी ओटो रेहागेल यांच्या मार्गदर्शनाखाली कायझर्सलाउटर्न बुंडेसलीगाचे विजेते झाले. बढती मिळताच विजेतेपद पटकावणारा दुसरा संघ जर्मनीत आजवर झालेला नाही. त्याच १९९८ च्या हंगामाअखेर मेपेन दुसऱ्या बुंडेसलीगातून बाहेर फेकले गेले.

त्यानंतरची घसरण लांबली. तिसऱ्या श्रेणीतून चौथ्या आणि २००८ मध्ये जर्मन लीगची फेररचना झाल्यावर पाचव्या श्रेणीपर्यंत संघ खाली आला. २०११ मध्ये तो पुन्हा चौथ्या श्रेणीत, उत्तर विभागाच्या प्रादेशिक लीगमध्ये चढला आणि २०१७ मध्ये तिचे विजेतेपद मिळवून अखेर तिसऱ्या लीगमध्ये परतला. देशपातळीवरच्या स्पर्धेत परत यायला १९ वर्षे लागली.

२०२१ चे वर्ष मात्र क्लबच्या चाहत्यांनाही मान वर करून सांगता येणार नाही. तिसऱ्या लीगमध्ये मेपेन १७ व्या क्रमांकावर राहिले, म्हणजे मैदानावर त्यांची पदावनती झालेलीच होती. त्यांच्या एकच स्थान वर होता क्रेफेल्ड शहराचा उअर्डिंगेन. बायर कंपनीचे पाठबळ असताना १९८५ मध्ये बायर्न म्यूनिकला हरवून जर्मन कप जिंकणारा हा क्लब पुढे एका रशियन गुंतवणूकदाराच्या पैशावर चालू लागला होता. तो पैसा आटला, दिवाळखोरी जाहीर झाली, पुढच्या हंगामाचा परवाना मिळाला नाही आणि त्यांच्या रिकाम्या जागेमुळे मेपेन तरले. दुसऱ्याच्या दिवाळखोरीवर मिळालेले हे जीवदान मी पराक्रमात मोजणार नाही, पण इतिहासातून वगळणारही नाही.

ते दोनच वर्षे पुरले. २०२३ मध्ये पुरुष संघ तिसऱ्या लीगमधून चौथ्या श्रेणीत उतरला आणि त्याच हंगामात महिला संघही बुंडेसलीगातून खाली आला. होय, मेपेनचा महिला संघ २०२० मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये देशाच्या सर्वोच्च श्रेणीत पोहोचला होता. पुरुषांना जे १०० वर्षांत साधले नाही ते महिलांनी दोनदा करून दाखवले, तरी क्लबची गोष्ट सांगताना त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

चौथ्या श्रेणीतून वर येण्याच्या नियमावर माझा जुना राग आहे. पाच प्रादेशिक लीगचे पाच विजेते आणि वर जागा चार, म्हणजे दोघा विजेत्यांना वर्षभराची मेहनत पुन्हा दोन सामन्यांवर लावावी लागते. २०१७ मध्ये तर जागा तीनच होत्या आणि उत्तर विभागाचा विजेता असूनही मेपेनला नैऋत्य विभागातील उपविजेत्या वाल्डहोफ मानहाइमशी झुंजावे लागले. दोन्ही सामन्यांत एकही गोल झाला नाही. ३४ सामन्यांचा हंगाम जिंकलेल्या संघाचे भवितव्य अखेर पेनल्टी शूटआऊटवर ठरले.