धमकी देणाऱ्याच्या हाती कात्री

२१ एप्रिल २०१० रोजी कॉमेडी सेंट्रल या अमेरिकी वाहिनीवर ‘साउथ पार्क’ या विनोदी ॲनिमेशन मालिकेचा २०१ वा भाग दाखवला गेला, तेव्हा प्रेषित महंमदांचे नाव आले तिथे तिथे ‘बीप’ वाजला आणि शेवटचे, काइल या पात्राचे भाषण तर अख्खेच बीपखाली गेले. अनेक प्रेक्षकांना हा लेखकांचाच विनोद वाटला. अखेर ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या निर्मात्यांना खुलासा करावा लागला की ही कात्री वाहिनीने चालवली आहे, आणि त्या भाषणात प्रेषितांचा उल्लेखही नव्हता. ते धाकदपटशा आणि भीती यांविषयी होते.

वाहिनीला भित्री ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. आठवडाभर आधी २०० वा भाग लागल्यावर ‘रेव्होल्यूशन मुस्लिम’ नावाच्या छोट्या गटाने, या दोघांची गत बहुधा थिओ व्हॅन गॉगसारखी होईल, असा ‘इशारा’ दिला होता. इस्लामवर टीका करणारा लघुपट काढलेल्या व्हॅन गॉग या डच दिग्दर्शकाचा २००४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर खून झाला होता, आणि २०१० च्या जानेवारीतच प्रेषितांचे व्यंगचित्र काढलेले डॅनिश व्यंगचित्रकार कुर्ट वेस्टरगार्ड यांच्या घरात एक माणूस कुऱ्हाड घेऊन शिरला होता. वाहिनीच्या कार्यालयात दाराशी बसणारा किंवा टपाल उघडणारा कर्मचारी विनोद लिहीत नाही, पण स्फोट झालाच तर पहिला बळी त्याचाच जातो.

म्हणूनच एखादे चित्र न दाखवण्याचा निर्णय मी समजू शकतो. २००६ मध्ये याच वाहिनीने तसे केले होते. मात्र तेव्हा चित्राच्या जागी, महंमदांची प्रतिमा दाखवण्यास वाहिनीने नकार दिला आहे, अशा अर्थाची पाटी पडद्यावर आली. नकार कोणाचा, हे प्रेक्षकाला स्वच्छ कळत होते. २०१० मध्ये ते कळले नाही, आणि भीतीवरचे भाषण दाबल्याने कोणाचा जीव वाचला, हे मला आजही उमगलेले नाही.

श्रद्धेचा मान राखला म्हणावे, तर याच भागांत बुद्धाला कोकेन ओढताना दाखवले होते आणि त्याला कोणी हात लावला नाही. (तो विनोद मला फारसा आवडला नव्हता, पण ते असो.) म्हणजे नियम श्रद्धेचा नव्हता, ज्याने धमकी दिली त्याचे ऐकले गेले. यात त्या सामान्य मुसलमान प्रेक्षकांवरही अन्याय आहे, ज्यांना हा प्रकार खटकला आणि ज्यांनी फार तर वाहिनी बदलली. मूठभरांचा आवाज हाच त्यांचा आवाज, असे वाहिनीने परस्पर ठरवून टाकले.

धमकी देणाऱ्या व्हर्जिनियातील तरुणाला या आणि इतर गुन्ह्यांसाठी २०११ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. तरीही २०२० मध्ये ही मालिका एचबीओ मॅक्स या ऑनलाइन सेवेवर आली, तेव्हा पाच भाग गाळलेले होते. त्यांतला एक २००१ चा आहे. त्यात प्रेषितांचे पात्र उघडपणे दाखवले होते आणि तो त्या वेळी विनातक्रार प्रसारित झाला होता. सुरक्षेसाठी काही कापायचेच असेल तर कोणी आणि का कापले हे तिथेच लिहावे, आणि धोका टळला का हे ठरावीक मुदतीने तपासून कापलेले परत जोडावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.