कर नको, पण उधारी चालेल

बॉब इंग्लिस हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिना राज्याच्या ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्ग भागातून निवडून येणारा, उजव्या रिपब्लिकन पक्षाचा खासदार. गर्भपाताला विरोध, कमी कर, आटोपशीर सरकार, सगळं पक्क्या उजव्या वळणाचं. २०१० च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत मात्र त्याच्याच पक्षाच्या मतदारांनी त्याला घरी बसवलं, तेही असं की समोरच्या ट्रे गाउडींना सत्तर टक्क्यांच्या आसपास मतं पडली. कारणं बरीच होती. बँका वाचवण्याच्या २००८ च्या पॅकेजला त्याने मत दिलं होतं आणि कर आणि सरकारी खर्चावर संतापलेल्या उजव्यांच्या 'टी पार्टी' चळवळीची लाटही होतीच. पण हवामानबदल खरा आहे असं उघड बोललो, हे आपलं सगळ्यात अक्षम्य पाप ठरलं, असं तो स्वतः सांगतो.

बोलून गप्प बसला असता तर एकवेळ चाललं असतं. २००९ मध्ये त्याने विधेयकच आणलं. कार्बनवर टनाला १५ डॉलर कर लावायचा, तो तीन दशकांत १०० डॉलरपर्यंत न्यायचा आणि येणारा पैसा पेरोल टॅक्स कमी करण्यात घालायचा. हा पगारावरचा कर. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी, पगारातून ६.२ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालकाला भरावे लागतात. त्याचं म्हणणं असं की कष्टावर कर कमी करू, धुरावर लावू, सरकारच्या तिजोरीत जादा काही यायला नको. त्याच वर्षी विरोधी डेमोक्रॅट्सच्या भल्यामोठ्या कॅप अँड ट्रेड (धुरावर एकूण मर्यादा घालून त्याचे परवाने विकता येण्याची व्यवस्था) विधेयकाच्या विरोधात त्याने मत दिलं. मला यात कुठलीही विसंगती दिसत नाही. प्रदूषण रोखायला नियमांपेक्षा कर बरा, हे तर मुक्त बाजारवादी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनही म्हणत असत, आणि त्यांना कोणी डावं म्हणणार नाही.

आता माझं म्हणणं. रिपब्लिकन पक्षाने 'कर' हा पर्याय टाकून दिला, म्हणून सरकारी खर्च कमी झाला का? उलट झालं. पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर थांबलाय. महागाई वाढली, रस्ते बांधायचा खर्च वाढला, कराला हात लावायची कोणाची हिंमत नाही. मग २००८ पासून, ज्या महामार्ग निधीत हा कर जमा होतो त्यात सर्वसाधारण तिजोरीतून पैसे ओतणं सुरू झालं. ती तिजोरीच तुटीत, म्हणजे कर्ज काढूनच ओतणं आलं. गाडी चालवणाऱ्याने रस्त्याचे पैसे भरावेत, यापेक्षा उजवं तत्त्व कोणतं असू शकतं? तेच सोडलं, आणि कर वाढू दिला नाही म्हणून मिरवायचं!

हवामानाचंही तेच. कर लावायची सोय नाही म्हटल्यावर डेमोक्रॅट्सकडे अनुदानांचा रस्ता उरला. त्यांच्या २०२२ च्या 'इन्फ्लेशन रिडक्शन' कायद्यात ऊर्जा आणि हवामानासाठी सुरुवातीचा अंदाज सुमारे ३७,००० कोटी डॉलरचा होता. त्यातल्या अनेक करसवलतींना वरची मर्यादाच नव्हती, त्यामुळे पुढचे अंदाज फुगत गेले. एकाही रिपब्लिकनने त्याला मत दिलं नाही. ठीक. पण २०१८ मध्ये फ्लोरिडाच्या कार्लोस कर्बेलो या रिपब्लिकन खासदाराने टनाला २४ डॉलर कर आणि त्याबदल्यात केंद्रीय पेट्रोल कर रद्द, असा प्रस्ताव ठेवला होता, तेव्हा याच पक्षाने कार्बन टॅक्सच्या निषेधाचा ठराव हाऊसमध्ये (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) मंजूर केला होता.

२०२५ मध्ये २०२२ च्या कायद्यातल्या बऱ्याच सवलती रिपब्लिकनांनी एका विधेयकातून छाटल्या. इलेक्ट्रिक गाडीवरचे ७,५०० डॉलर सप्टेंबरअखेर बंद. अनुदान कापलं म्हणून मी टाळ्या वाजवल्या असत्या, पण त्याच विधेयकाने दहा वर्षांत तूट सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल, असा काँग्रेसच्याच (अमेरिकी संसदेच्या) बजेट ऑफिसचा हिशोब आहे. तेलविहिरी खोदण्याचा खर्च लगोलग वजा करू देणारी शंभर वर्षं जुनी सवलत मात्र शाबूत राहिली. इंग्लिस म्हणतो, सगळ्यांचीच अनुदानं काढा. हे ऐकून दोन्ही बाजूंना ठसका लागतो.

त्याच्या योजनेवर माझेही आक्षेप आहेत. कार्बन टॅक्स यशस्वी झाला की धूर कमी होणार आणि करही आटणार. पेरोल टॅक्स मात्र कमी झालेलाच राहणार, मग सोशल सिक्युरिटीचं भोक कोण बुजवणार? शिवाय 'जादा एक डॉलरही घेणार नाही' हे वचन आजच्या काँग्रेसचं. पुढच्या काँग्रेसला कोण बांधून ठेवणार? लांब पल्ल्याची गाडी चालवणाऱ्या खेड्यातल्या माणसाला पगाराच्या स्लिपमध्ये वाचलेले डॉलर दिसणार नाहीत, पंपावरचा आकडा दिसेल. मतदार इंग्लिसवर चिडले त्यात हेही असणार, आणि तो राग मला मूर्खपणाचा वाटत नाही. पण यांवर वाद घालता येतो, आकडे बदलता येतात. कर्बेलोसारखा अपवाद सोडला, तर ज्यांनी त्याला घरी बसवलं, त्यांच्या बाजूने पंधरा वर्षांत टनाला इतके डॉलर असा एक तरी आकडा टेबलावर आलाय का? कोणाला माहीत असेल तर खाली लिहा.